होडीला लावलेलं कुंकू

ताई, तुझ्याबद्दल मी एकदा खोटं बोललो होतो. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोला, सुनीतालासुद्धा नाही. तुला माहीत होतं, कारण बोललो तेव्हा तू माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होतीस आणि तुझे कान शेवटपर्यंत तिखट होते. आता तू गेलीस, म्हणजे ते माझ्या एकट्याकडे राहिलं.

तुला जाऊन महिना व्हायचाय. फोटोला हार घातलाय, तो सुनीता बदलते. मी फारसा रडलो नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. मी काही म्हणालो नाही. लोक माझ्याबद्दल चांगलं बोलले की गप्प बसायची मला जुनी सवय आहे, आणि या सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली.

आधी तिकिटाचं सांगतो. जपानची टूर मी तुझ्यासाठी काढलेली नव्हती. सुनीताच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिची जागा रिकामी झाली. तीच म्हणाली, ताईंना न्या. मी तुला फोन केला आणि ऐटीत म्हणालो, 'ताई, तुला जपान दाखवतो, चल.' तू म्हणालीस, 'येतंय. पण आधी सुनीताच्या गुडघ्याक बरां वाटांदे हां.' मी तुझ्या पासपोर्टचं काढलं. तूही पुढे काही विचारलं नाहीस. लालबागच्या खोलीतून मी दादरच्या फ्लॅटमध्ये गेलो, तेव्हापासून आपलं बरंचसं बोलणं असंच चालायचं. तुला सगळं कळायचं आणि मला ते कळल्याचं दाखवायचं नसायचं.

ती टूर म्हणजे बसभर मराठी माणसं. सकाळी हॉटेलच्या लॉबीत चकल्यांचे डबे उघडायचे, दुपारी कुणाच्या तरी लोणच्याची बरणी फिरायची, आणि बस सुरू झाली की अंताक्षरी. तू दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांची नावं, मुलं, जावई, दुखणी पाठ केली होतीस. परळच्या मोठ्या इस्पितळात जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होतीस तू. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुठल्या वॉर्डाला कुठला नंबर हे झोपेत विचारलं तरी सांगायचीस. त्याचा तुला अभिमान होता. बाकी कशाचा अभिमान बाळगायला आम्ही तुला वाव ठेवला नव्हता.

माझी ओळख झाली ती प्रभादेवीच्या कर्णिकांशी. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. बायकोला 'अहो' म्हणणारा. ते माझ्याशी बरोबरीने बोलत, 'परब, तुमचं काय मत?' असं विचारत. मला ते आवडायचं. गिरणी कामगाराचा मुलगा, चाळीत वाढलेला, हे मी त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. फक्त सांगितलं नव्हतं.

मग कुराशिकी आलं.

जुनं गाव. मधून एक कालवा, दोन्ही काठांना पाण्यावर ओणवलेली झाडं, मागे पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची कोठारं. आमचा टूर मॅनेजर रोहन माइकवर सांगत होता, की पूर्वी या पाण्यातून होड्यांनी तांदूळ यायचा, कापूस यायचा, आणि या कोठारांत साठायचा. जवळच लाल विटांची जुनी सूतगिरणी होती. तिच्या भिंतींवर वेल चढलेली आणि आत आता हॉटेल. तू त्या भिंतीला हात लावून उभी राहिलीस. म्हणालीस, 'बाबांना दाखवायला पाहिजे होतं रे. गिरणी बंद पडली तरी भिंत ठेवलीय माणसांनी.' मी म्हणालो, 'ताई, चल, होडीची वेळ झालीय.' तुझा आवाज मोठा होता आणि कर्णिक मागेच होते.

होडी लहान, सहा माणसांची. तू, मी, कर्णिक पतीपत्नी आणि गिरगावच्या दोन बहिणी. प्रत्येकाला डोक्यावर घालायला गवताची रुंद टोपी दिली. सुती साडी, पायात माझ्या मुलाचे जुने स्पोर्ट शूज आणि डोक्यावर ती टोपी. तू हसत म्हणालीस, 'भाताच्या लावणीक चललंय असां वाटतां.' होडीवाला म्हातारा होता, निळा अंगरखा घातलेला, हातात लांब बांबू. तू त्या बांबूकडे बघत राहिलीस. मला कळलं की तुला आजोबा दिसतायत. खाडीवरची त्यांची तर, माणसं पलीकडे नेणारी होडी, मी पाहिलेलीच नाही. माझा जन्म मुंबईचा. तू मात्र दहा वर्षांची होईपर्यंत त्या तरीतच वाढलीस, आणि बाबांनी तुला मुंबईला आणलं ते मला सांभाळायला. तेव्हापासून तू होडीत बसली नव्हतीस. हे मी हिशेब करून आत्ता लिहितोय. तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

होडी काठावरून सुटायच्या आत तू पर्समधून कुंकवाची डबी काढलीस. दोन बोटं बुडवलीस आणि वाकून होडीच्या तोंडाशी, त्या ओल्या पिवळसर लाकडावर, कुंकवाची दोन बोटं ओढलीस. चार तांदळाचे दाणे पाण्यात सोडलेस. मग ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलंस.

होडीवाला ओरडला. त्याने तुझं बोट पाहिलं होतं, लाकडावरचा लाल ओघळ पाहिला होता आणि त्याला वाटलं, तुला कापलं. बांबू टाकून तो मलमपट्टीची पेटी शोधायला लागला. काठावरून रोहन धावत आला. मागच्या होडीतली माणसं उभी राहिली. तू एका हाताने त्याला 'काही नाही, काही नाही' करत होतीस आणि दुसऱ्या हाताने ओल्या पदराने लाकूड पुसत होतीस. ओलं कुंकू पुसलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. होतं त्याच्या तिप्पट झालं.

'अहो ताई, ही काय शोरूममधून काढलेली नवी गाडी आहे का?' कर्णिक म्हणाले. गिरगावच्या बहिणी तोंडावर हात धरून हसल्या.

'होडीत पाय ठेवला की करतात हो आमच्यात,' तू म्हणालीस. 'नवी-जुनी काय त्यात?'

'पण ही आपली होडी नाही ना.'

'पाणी कुणाचं असतं मग?'

त्यावर ते हसले नाहीत. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, 'परब, नेहमी असं करतात का या?'

मी म्हणालो, 'नाही हो. हल्ली तिला जरा विसर पडतो. कुठे आहोत त्याचं भान राहत नाही कधीकधी.'

असं काही बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं. त्या वाक्याला काहीच तयारी लागली नाही, हेच मला नंतर खुपत राहिलं. कर्णिकबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. 'अगं बाई,' त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तू त्या हाताकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

तोवर होडीवाल्याला उमगलं होतं. तू पाण्याला हात जोडून त्याला खुणेने सांगितलं होतंस. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तुझ्या दिशेने कमरेत वाकला. पुसायला काढलेलं फडकं परत ठेवून दिलं. तो डाग तसाच ठेवून त्याने होडी सोडली. म्हणजे ज्याच्या होडीचं लाकूड लाल झालं त्याची काही तक्रार नव्हती. माझं खोटं कुणालाच नको होतं. पण ते बोलून झालं होतं आणि परत घ्यायचं तर कर्णिकांकडे बघून घ्यावं लागलं असतं.

बाकीची फेरी तू त्या म्हाताऱ्याशी बोलत होतीस. तू मालवणीत, तो जपानीत. आजोबा बांबू कसा चिखलात रोवायचे, खांद्याने कसा रेटायचे ते तू बसल्याजागी हाताने दाखवलंस. तो मान हलवून नाही-नाही म्हणाला आणि स्वतःचा कसा मनगटावर फिरतो ते दाखवलं. पूल आला की सगळ्यांनी डोकी खाली घातली, तू मात्र पुलाच्या खालच्या दगडांकडे टकमक बघत होतीस. इतकं खूश मी तुला माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. कर्णिकबाई माझ्या कानात म्हणाल्या, 'बघा, अगदी लहान मूल झाल्यात.' मी मान हलवली.

रात्री खोलीत तू वेणी सोडत बसली होतीस. म्हणालीस, 'काय रे सुद्या, माका इसार पडतां?'

मी टीव्ही लावला.

'माका,' तू पुन्हा म्हणालीस. 'अख्खं हॉस्पिटल पाठ होतं माझं.'

'अगं, वेळ निभावून नेली. सगळे बघत होते.'

'बघूं देत की.' मग तू एकाएकी हसायला लागलीस. 'बरां. आता इसारतंय बघ. तू सांगितलंस म्हणजे इसराकच होया.'

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तू कर्णिकांसमोर जाऊन बसलीस आणि नम्रपणे विचारलंस, 'आपलं नाव काय म्हणालात?' त्यांनी सांगितलं. चहा होईपर्यंत तू पुन्हा विचारलंस. जेवताना पुन्हा. बसमध्ये तुला पुढची सीट मिळाली. पायऱ्या आल्या की दोन्ही बाजूंनी दोन माणसं धरायला येत, आणि तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून राणीसारखी चढायचीस. मला तू सगळ्यांदेखत बाबांच्या नावाने हाक मारायचीस. लोक माझ्याकडे कणवेने बघत. 'परब, तुमचं कौतुक आहे हो,' कर्णिक म्हणाले. 'आजकाल सख्ख्या आईला कुणी नेत नाही, तुम्ही बहिणीला आणलंत, तीही अशा अवस्थेत.'

तू मला वाचवत होतीस की शिक्षा करत होतीस, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. आता वाटतं, तू दोन्ही एकाच तव्यावर भाजत होतीस. मला ते ओळखीचं वाटायला हवं होतं. लहानपणी मी शाळेतून पळून आलो की तू आईपुढे माझी बाजू घ्यायचीस आणि मग जिन्यात गाठून कान पिळायचीस.

परतताना विमानतळावर तू खेळ थांबवलास. 'घरी जायच्या आधी त्या कर्णिकांका खरां सांग,' म्हणालीस. 'मजा झाली. पण लोक खरां धरून चललेत. माझ्या तोंडावर कोणी माझी कीव केलेली माका चलत नाय.'

'हो, सांगतो.'

तुझ्या नजरेसमोर मी त्यांच्यापर्यंत चालत गेलो. त्यांच्याशी हस्तांदोलन केलं, फोन नंबर घेतला आणि परत आलो. 'सांगितलंस?' 'हो.' म्हणजे तुझ्याशीसुद्धा खोटं बोललो. एक खोटं सांगितल्याचं कबूल करायला बसलो होतो, दोन निघाली.

ते तुला पटलं नसणार, कारण मुंबईत आल्यावर तुझा खेळ पुन्हा सुरू झाला, आता फक्त माझ्यासाठी. रविवारी लालबागला आलो की दार उघडून तू विचारायचीस, 'कोण आपण? कर्णिक का?' मी म्हणायचो, 'पुरे गं.' तू म्हणायचीस, 'सांगितलंस त्यांना?' मी चपला काढायचो. तू चहा टाकायचीस. कितीतरी रविवार हेच. मला राग यायचा. खरं तर यायला नको होता, पण जो बरोबर असतो त्याचा राग जास्त येतो.

मग कधीतरी, नेमकं कधी ते मला सांगता येत नाही, आणि तेच माझं दुखणं आहे, खेळ संपला आणि खरं सुरू झालं.

चहात दोनदा साखर पडायला लागली. मी म्हणालो, 'ताई, आता चहातसुद्धा?' तू कपाकडे बघत राहिलीस. डोकं दुखतं म्हणालीस, मी चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणालो. एकदा बाबांच्या नावाने हाक मारलीस, खोलीत आपण दोघंच असताना. मी चिडून निघून आलो. जिना उतरताना मला जरासं वाटलं, की प्रेक्षक नसताना कोण नाटक करतं? पण तो विचार मी रस्त्यावर येईपर्यंत टिकू दिला नाही.

आणि मग तो फोन. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. तू म्हणालीस, 'सुद्या, मी खंय इलंय रे? घर खंय ता सांग.' मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता, मसाला कुटणाऱ्या डंखांचा, त्या लोखंडी मुसळांचा ठोका येत होता. ज्या बाजारात तू जन्मभर मिरची कांडून घेतलीस, तो तुझ्या खोलीपासून दोन गल्ल्या.

मी म्हणालो, 'ताई, पुरे झालं आता. सांगतो मी कर्णिकांना. खरंच सांगतो. पण हे नाटक बंद कर.'

 तू हसलीस. ते हसू मला अजून नीट लावता येत नाही. मी चिडलोय हे कळून तू नेहमीसारखी हसलीस, की काय चाललंय हे न कळून हसलीस? मी फोन ठेवला. तुला शैलाने घरी आणलं, तुझ्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीने. ती तुलाच भेटायला येत होती आणि तू तिला डंखांच्या दुकानापाशी उभी सापडलीस. तिने मला फोन करून सांगितलं, 'सुधीर, काहीतरी बिनसलंय, डॉक्टरला दाखव.' मी म्हणालो, 'अगं, ती मला चिडवते.' पुढच्या आठवड्यात तू मोरीत पडलीस, तेव्हा आम्ही दाखवलं.

डोक्यात गाठ होती. डॉक्टर तरुण होते, सावध बोलणारे. लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं, नक्की किती ते सांगता येणार नाही, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, 'विसरायला कधीपासून लागल्या?'

मी तोंड उघडायच्या आत सुनीता म्हणाली, 'जपानपासूनच ना हो? कर्णिकवहिनी म्हणाल्या होत्या मला फोनवर.' डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी तसं लिहून घेतलं असेल. विसरणं इतकं जुनं, वयाचंच, म्हटल्यावर मी दुर्लक्ष केलेले ते शेवटचे महिने कुणाच्या लक्षात येणार नव्हते. ज्या खोट्याने मी तुला होडीत लहान केलं होतं, त्याच खोट्याने मला तिथे निर्दोष सोडवलं.

शेवटचे दिवस तुला फार बोलता येत नव्हतं. मी उशाशी बसायचो. एकदा तू डोळे उघडून विचारलंस, 'कोण आपण?' मी म्हणालो, 'सुधीर.' तू मान हलवलीस, ओळख करून दिल्यावर हलवतात तशी. तेव्हा माफी मागता आली असती. पण जिला मागायची ती तिथे नव्हती, आणि होती तेव्हा मी टीव्ही लावला होता.

तेराव्याला दादरच्या घरी माणसं जमली. कर्णिक आले, गिरगावच्या बहिणीही आल्या. जेवणं झाल्यावर कर्णिक सगळ्यांना सांगू लागले, की जपानमध्येच बाईंची अवस्था किती वाईट होती, होडीला कुंकू लावत होत्या बिचाऱ्या, आणि परबांनी किती मायेने सांभाळलं.

शैला कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, 'नाही हो. काहीतरी चुकतंय तुमचं. जपानहून आल्यावर आमच्या मंदाने मला सगळी टूर सांगितली होती. जागांची नावं, जेवणात काय होतं, होडीवाला बांबू कसा फिरवायचा तेसुद्धा. तेव्हा तिचं डोकं माझ्यापेक्षा साफ होतं.'

'असं असतं या आजारात,' कर्णिकबाई समजुतीने म्हणाल्या. 'मध्येच एकदम नीट बोलतात.'

'मी तिला चाळीस वर्षं ओळखते.'

'तुम्ही नव्हता ना हो तिथे. आम्ही होतो,' एक गिरगावची बहीण म्हणाली. 'आणि भाऊच सांगत होता की.'

शैलाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि आत भरायला गेलो. बाहेर आलो तेव्हा ती निघून गेली होती. सुनीता म्हणाली, 'जरा विचित्रच आहे ती बाई, नाही?'

तेव्हा मला कळलं, की तू शैलाला सगळी टूर सांगितलीस, पण मी काय म्हणालो ते सांगितलं नाहीस. जन्मभराची मैत्रीण, रोज फोनवर बोलणारी, तिलाही नाही. तेवढं एक गाळलंस. ताई, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे आणि त्याचीच मला सर्वात जास्त लाज वाटते.

हे लिहून झालं म्हणून सांगून झालं, असं मी धरत नाही. कर्णिकांचा नंबर माझ्याकडे आहे, शैलाचं घर मला माहीत आहे, सुनीता शेजारच्या खोलीत आहे. कुराशिकीच्या होडीत तू पूर्ण भानावर होतीस, तुला काहीही झालेलं नव्हतं, विसर पडतो हे मी रचलेलं होतं, आणि म्हणून तुला खरंच विसर पडायला लागला तेव्हा मी तुला डॉक्टरकडे नेलं नाही. शैला खरं बोलत होती. हे मला त्या सगळ्यांना एकत्र बसवून, त्यांच्याकडे बघून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.